रेषा आखणारे आणि रेषेला भिणारे

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की मोबाइलवर एक निरोप न चुकता फिरू लागतो. यंदाची संक्रांत अमुक वाहनावर बसून येत आहे, तिने अमक्या रंगाचे वस्त्र नेसले आहे, हातात अमके शस्त्र आहे, अमक्या दिशेकडून येऊन ती तमक्या दिशेला पाहते आहे; तेव्हा सुवासिनींनी त्या रंगाची साडी नेसू नये, त्या रंगाच्या बांगड्या भरू नयेत. शेवटी ‘सर्व ग्रुपवर पाठवा’ असे असते आणि तो पाठवला जातोही. हळदीकुंकवासाठी इस्त्री करून ठेवलेली पिवळी साडी पुन्हा कपाटात जाते. जिचा यावर विश्वास नाही तीही साडी बदलते, कारण घरातले कोणीतरी म्हणते, विषाची परीक्षा कशाला पाहायची?

हा रंग ठरतो कसा, हे त्या निरोपात कधीच लिहिलेले नसते. ते समजून घेणे अवघड नाही. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. त्या तिथीचा अर्धा भाग, म्हणजे सहा अंशांचे अंतर, याला करण म्हणतात. बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि विष्टी ही सात चर करणे महिनाभर पाळीपाळीने येत राहतात. उरलेली चार अमावास्येच्या आसपास आपली जागा धरून असतात. सूर्य मकर राशीत शिरतो त्या क्षणी जे करण चालू असेल, त्यावरून संक्रांतीचे वाहन, वस्त्र, शस्त्र एका ठरीव कोष्टकातून वाचायचे. पंचांगातल्या ‘संक्रांतिफला’त हेच छापलेले असते. चंद्र आणखी सहा अंश पुढे गेला असता, म्हणजे संक्रमण अर्ध्या दिवसाने उशिरा झाले असते, तर त्याच वर्षी देवीने दुसऱ्या रंगाचे लुगडे नेसले असते.

आता प्रश्न उरतो तो ‘सूर्य मकर राशीत शिरतो’ या शब्दांचा. आकाशात राशींच्या सीमा कोणी रंगवून ठेवलेल्या नाहीत. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे तीस-तीस अंशांचे बारा भाग माणसाने केले. ते कोठून मोजायला सुरुवात करायची, हेही माणसानेच ठरवले. आणि त्या आरंभबिंदूबद्दल महाराष्ट्रातच दोन मते आहेत. बहुसंख्य घरांत चालणारी दाते किंवा तत्सम पंचांगे चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानतात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात पटवर्धनी पंचांगासाठी रेवती नक्षत्रातला एक मंद तारा धरला. ती परंपरा आज टिळक पंचांग चालवते. दोन्ही आरंभबिंदूंत जवळजवळ चार अंशांचे अंतर आहे. म्हणून दाते पंचांगाची संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि टिळक पंचांगाची १० जानेवारीच्या सुमारास. अधिक महिन्याच्या काही वर्षी तर टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात.

चार दिवसांत करणे आठ वेळा बदलतात. म्हणजे रत्नागिरीतल्या एका आळीत दोन शेजारी घरांत, एकाच वर्षी, संक्रांत बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या वाहनांवरून आणि दोन वेगवेगळ्या वस्त्रांत येते. दोन्ही घरे पंचांगाशी प्रामाणिक आहेत, दोन्हीकडचे गणित बरोबर आहे. फरक आहे तो शून्य कोठे धरला याचा. मग ‘हा रंग अशुभ’ ही गोष्ट नेमकी कोणाच्या आकाशातली म्हणायची?

ही रेषा स्थिरही नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, त्यामुळे ऋतूंचे वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान पडते. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते; पण एकाहत्तर-बाहत्तर वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. सूर्याचे उत्तरेकडे वळणे, म्हणजे खरे उत्तरायण, आज २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते. मकर संक्रांत आणि उत्तरायण एकत्र होते तो काळ दीड हजार वर्षांहून अधिक मागे गेला. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकर संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी. त्याच हिशेबाने आणखी शंभर वर्षे मागे गेले तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमीला झाली. ती संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, भाषणांत ऐकत आलो; प्रत्यक्षात त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आजच्या कॅलेंडरातली रेषा आपण अडीचशे वर्षे मागे ओढली आणि एका मोठ्या पराभवावर अपशकुनाची मोहोर उमटवली. भाऊसाहेब पेशव्यांच्या फौजेची रसद तुटली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती, मित्र दुरावले होते. मराठ्यांचा नाश समजून घ्यायला एवढे पुरेसे आहे.

हे सरकणे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवले आहे की, जुन्या शास्त्रांत अयनाची सुरुवात जेथे सांगितली आहे तेथे ती आता होत नाही, आणि पटत नसेल तर स्वतः पाहून खात्री करा. १५२० साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ रचले ते जुनी गणिते आकाशाशी जुळेनाशी झाली होती म्हणूनच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ चा ग्रंथ, व्यंकटेश बापूजी केतकरांची ग्रहगणितावरची पुस्तके, छत्र्यांचे पंचांग, या सगळ्यांमागे एकच ध्यास दिसतो: छापील आकडा आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह यांचा मेळ बसला पाहिजे. लोकमान्यांनी तर १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये संपातबिंदूच्या याच सरकण्यावरून वेदांचा काळ काढण्याचा प्रयत्न केला. मराठी माणसाने अभिमान धरावा अशी ही परंपरा आहे. रेषा आखणारी माणसे ती पुन्हा पुन्हा तपासत होती, चुकली तर पुसून नव्याने आखत होती. भीती त्यांच्या कामात नव्हती. ती नंतर, वापरणाऱ्यांनी आणली.

स्वातंत्र्यानंतर देशाने या रेषा एकदा सरळ करायचा प्रयत्न केला. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे दोन मराठी विद्वान तिच्यात होते. देशात तेव्हा सुमारे तीस पंचांगे आणि कालगणना चालू असल्याचे समितीला आढळले. तिच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, या दिवसापासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. महिने ऋतूंना बांधलेले, वर्षारंभ वसंत संपातापाशी, अशी ती नेटकी आखणी आहे. आज ती राजपत्रावर दिसते आणि आकाशवाणीवर ऐकू येते, लोकांच्या व्यवहारात नाही. त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. बहुतेक सणवार चंद्रावर चालतात आणि ते तसेच चालोत. पण आपल्या हाताने आखलेली गोष्ट आपण बदलू शकतो, हे त्या समितीने दाखवून दिले होते आणि ते आपण विसरलो.

घड्याळाचेही असेच आहे. देशाची प्रमाण वेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखावृत्तावरून धरली जाते. ते मिर्झापूरजवळून जाते. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईचा सूर्य या वेळेच्या ३९ मिनिटे मागे चालतो, आणि मुंबईकरांनी हा बदल सहजी मानला नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि नगरपालिकेच्या कारभारात ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिला. जवळजवळ अर्धे शतक एकाच शहरात दोन वेळा होत्या. आगगाडी धरायची असेल तर एक, पालिकेत जायचे असेल तर दुसरी. तिकडे दूर प्रशांत महासागरात सामोआने २०११ मध्ये व्यापाराच्या सोयीसाठी आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा त्या देशाच्या कॅलेंडरातून ३० डिसेंबर हा अख्खा दिवस गळून पडला. गुरुवारी रात्री झोपलेली माणसे शनिवारी उठली. त्या गळलेल्या शुक्रवारी तेथे कोणता काळ शुभ होता आणि कोणता अशुभ, याला उत्तर नाही.

शुक्रवारचा उल्लेख आला म्हणून राहुकाळाकडे वळतो. दक्षिणेत तो पूर्वीपासून कसोशीने पाळला जातो. आता आपल्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांतही त्याचा तक्ता असतो, दुकानाचे उद्‌घाटन, गाडीची डिलिव्हरी, घराचा व्यवहार त्यावर अडतो. त्याचा नियम असा: सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे आठ समान भाग करायचे. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा भाग राहुकाळ. बहुतेक तक्ते सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरून सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ असा छापतात.

तो नियम मान्य करूनच जरा हिशेब करू. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा-वीसच्या आसपास मावळतो. दिवस सुमारे ६६५ मिनिटांचा, त्याचा आठवा भाग ८३ मिनिटांचा. म्हणजे सोमवारचा राहुकाळ पडतो साधारण ८ वाजून ३८ मिनिटांपासून १० वाजून १ मिनिटापर्यंत. तक्ता पाहून नऊ वाजेपर्यंत दम धरणारा आणि ‘सुटलो’ म्हणून सव्वानऊला सही करणारा माणूस त्याच शास्त्राप्रमाणे ऐन राहुकाळात सही करतो. नागपूरचा सूर्य मुंबईच्या २५ मिनिटे पुढे असतो, म्हणजे मुंबईचा बिनचूक तक्ताही नागपूरला लागू पडत नाही. इतकी वर्षे इतकी माणसे चुकीच्या वेळी सह्या करत आली आणि त्यातून काही वेगळे घडलेले कोणाच्या ध्यानात आले नाही, हाच या समजुतीवरचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणावा लागेल.

शिवाय या काळाचा राहूशी संबंध तरी काय? चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला सुमारे पाच अंशांनी कललेला आहे. हे दोन मार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंना आपल्याकडे राहू आणि केतू अशी नावे आहेत. दोन काल्पनिक रेषा एकमेकींना जेथे ओलांडतात ती जागा म्हणजे राहू. ग्रहणाचे गणित करायला ही कल्पना फार मोलाची. पण राहुकाळ काढताना राहू त्या दिवशी आकाशात कोठे आहे हे कोणी पाहतच नाही. पाहिला जातो तो फक्त वार. आणि सात वारांचा आठवडा तरी आपल्याकडे अनादि काळापासून कोठे आहे? वेदांग ज्योतिषात वार नाहीत. भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा पहिला ठळक उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या बुधगुप्ताच्या लेखात, इसवी सन ४८४ मध्ये, सापडतो.

इथवरची गोष्ट हिशेबाची होती. साडी बदलली, सही लांबली, पितृपक्षात फ्रिज घेतला नाही, यात फारसे कोणाचे बिघडत नाही. दुकानदाराचा पंधरवडा सुना जातो आणि दसऱ्याला तो भरून काढतो. साडेतीन मुहूर्तांचा आनंद तर आम्हालाही हवाच आहे. गुढी उभारायला, सोने लुटायला एक ठरलेला दिवस असावा, सगळ्या गावाने तो मिळून साजरा करावा, ही माणसाची खरी गरज आहे. त्यावर कोणी काठी उगारू नये. काळजी वाटते ती तेथे, जेथे या रेषांचा भार शरीराला आणि आयुष्याला सोसावा लागतो. आणि तो भार बहुतेक वेळा बाईवर पडतो.

ग्रहण पाळणारी गर्भवती पाहा. वेध लागले की तिच्यासमोरचे ताट उचलले जाते. ग्रहणभर तिने विळी-सुरी हातात घ्यायची नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, हातपाय मुडपून बसायचे नाही. घराच्या दारे-खिडक्या लोटलेल्या. काही घरांत पाण्याचा घोटही वर्ज्य. उन्हाळ्याच्या दिवसांत सातव्या-आठव्या महिन्याच्या बाईला तासन्‌तास पाण्यावाचून ठेवणे तिला आणि बाळाला बाधते. सावली बाधत नाही. त्या सावलीचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष मिनिटांपर्यंत अचूक सांगणारे गणित ज्या पंचांगात छापलेले असते, त्याच पंचांगाचा हवाला देऊन तिला कोंडले जाते.

पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मोडलेली लग्ने, मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून सासऱ्याला वाईट ठरवलेल्या मुली, आणि नवरा गेला त्या दिवसापासून हळदीकुंकवाच्या रेषेबाहेर उभी केलेली बाई, हे सगळे याच जातीचे. पत्रिकेवरून माणसाबद्दल काय सांगता येते याची चाचणी पुण्यात झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या आणि त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची ते ओळखायचे होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के होते. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आले असते. जी रेषा मतिमंद आणि हुशार यांत फरक करू शकत नाही, तिच्यावरून एखाद्या मुलीचे लग्न मोडावे काय?

उलट बाजूला कोल्हापूर जिल्ह्यातले हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. त्यासाठी गावाने कोणाचा मुहूर्त पाहिला नाही. राज्य सरकारने पुढे इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. शहरातल्या किती गृहनिर्माण सोसायट्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला असे दार उघडले, हे त्यांनी आपले आपण तपासावे.

कायद्याकडून फार अपेक्षा करू नये. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा अघोरी आणि अमानुष प्रकारांसाठी आहे. जोशी-ज्योतिषांचा सल्ला त्याने बाहेरच ठेवला आहे, आणि ते ठीकच आहे. पोलिसाने मुहूर्त तपासत बसावे अशी कोणाचीच इच्छा नसेल. करण्यासारखी कामे याहून साधी आहेत. कॅलेंडर छापणाऱ्यांनी राहुकाळाच्या तक्त्याखाली तो काढण्याची रीत आणि कोणत्या गावचा सूर्योदय धरला ते छापावे. संक्रांतिफलाशेजारी करणाचे नाव आणि आरंभबिंदू कोणता ते द्यावे. शाळेत ८२ अंश ३० कलांचे रेखावृत्त शिकवतातच. त्याच तासाला तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगे शिकवावीत आणि मुलांना घरी पंचांग उघडून पाहायला लावावे. ज्याला तिथी मोजता येते त्याला तिथीची भीती घालणे कठीण जाते.

एक काम मात्र तातडीचे आहे, आणि ते प्रसूतिगृहांतले आहे. सिझेरियन ठरले की नातेवाईक घडी घातलेली एक चिठ्ठी पुढे करतात. तीवर तारीख आणि अर्ध्या-पाऊण तासाची खिडकी लिहिलेली असते. लग्न रास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून एवढी घाई. जन्मक्षण कोणता धरायचा, डोके बाहेर आले तो, पहिले रडणे ऐकू आले तो, की नाळ कापली तो, यावर ज्योतिषांत आजही एकमत नाही. पण बाळाच्या फुप्फुसांचा हिशेब स्पष्ट आहे. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे भरण्याआधी शस्त्रक्रियेने काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो, काहींना काचेच्या पेटीत ठेवावे लागते. चांगला योग गाठायचा म्हणून आठवडा-दोन आठवडे आधीची तारीख किंवा मध्यरात्रीची वेळ मागणे, जेव्हा भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी हाताशी असतीलच असे नाही, म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही विनाकारण धोक्यात लोटणे. ३९ आठवडे भरले आहेत, शस्त्रक्रिया दिवसाउजेडी आहे, सगळी माणसे हजर आहेत, आणि घरच्यांना दहाऐवजी अकरा वाजता हवी आहे, तर डॉक्टरांनी खुशाल अकरा वाजता करावी. ३९ आठवड्यांआधीची तारीख मागितली तर नाही म्हणावे, का नाही ते आईला समोर बसवून तिच्या भाषेत सांगावे, आणि ते तिच्या कागदांवर लिहून ठेवावे.